भरती ओसरेपर्यंत पाणी कुठे थांबेल? पूरप्रवण किनाऱ्यावरील घराच्या निचऱ्याची आखणी

उंचावरच्या जमिनीवर पावसाचे पाणी घालवायचे असेल, तर पुरेसा ढाळ आणि पुरेशा व्यासाचा पाइप या दोन गोष्टी जमल्या की काम बहुतांशी होते. समुद्राजवळच्या सखल जमिनीवर मात्र याच दोन गोष्टी चोख करूनही घरात पाणी शिरते, कारण ज्या खाडीत, नाल्यात किंवा समुद्रात आपला पाइप उघडतो, तिथल्या पाण्याची पातळी स्थिर नसते. दिवसातून साधारण दोनदा ती पाइपाच्या मुखापेक्षा वर चढते आणि त्या तासांमध्ये पाइप कितीही मोठा असला तरी त्यातून एक थेंबही बाहेर जात नाही. म्हणून अशा ठिकाणी आखणीची सुरुवात ‘पाणी किती वेगाने बाहेर काढायचे’ या प्रश्नाने करू नये. ‘बाहेरची वाट बंद असताना पडलेले पाणी कुठे थांबवायचे’ हा प्रश्न आधी सोडवावा. पुढील सर्व मार्गदर्शन या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी पातळ्या, मग खोदकाम

कुदळ उचलण्याआधी पाच पातळ्या कागदावर याव्यात: घराच्या जोत्याची, आवारातील सर्वांत खोल जागेची, बाहेर पाणी सोडण्याच्या मुखाच्या तळाची, पावसाळ्यातील भूजलाची आणि उधाणाच्या भरतीची. या पाचही पातळ्या एकाच संदर्भापासून मोजलेल्या असणे अत्यावश्यक आहे, आणि चूक नेमकी इथेच होते. भरती-ओहोटीच्या तक्त्यांत दिलेली उंची बहुधा सागरी नकाशांच्या संदर्भपातळीपासून, म्हणजे ओहोटीच्या जवळजवळ नीचतम पातळीपासून मोजलेली असते, तर जमिनीच्या सर्वेक्षणातील उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. या दोन शून्यांमध्ये मोठी भरती-ओहोटी असलेल्या किनाऱ्यावर काही मीटरचे अंतर असू शकते. तक्त्यातील ‘३ मीटर’ आणि सर्वेक्षणातील ‘३ मीटर’ एकच समजून बसवलेले मुख एकतर विनाकारण उंच राहते किंवा अर्धा दिवस पाण्याखाली जाते. आपल्या बंदरासाठी या दोन संदर्भांतील फरक बंदर किंवा सर्वेक्षण कार्यालयातून मिळवावा आणि सर्व आकडे सरासरी समुद्रसपाटीवर आणून मगच पुढे जावे.

आवारातल्या आवारात पातळ्या जुळवण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे, मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नसावा आणि दोन्ही टोके मोकळी असावीत. मोठ्या आवारासाठी डंपी लेव्हल (दुर्बिणीतून पातळी मोजण्याचे उपकरण) किंवा लेझर लेव्हल भाड्याने घेणे योग्य. दर ३ ते ५ मीटरवर पातळी घेऊन साधा नकाशा केला, की पाणी स्वभावतः कुठे धावते आणि कुठे साचते हे स्पष्ट दिसते. जोरदार पावसात छत्री घेऊन आवारात एक फेरी मारणे आणि साचलेल्या पाण्याच्या कडेला खुंट्या ठोकून ठेवणे, हेही तितकेच मोलाचे सर्वेक्षण आहे.

भूजलाची पातळी जाणून घेण्यासाठी हाताच्या गिरमिटाने दीड-दोन मीटर खोल भोक पाडून त्यात छिद्रे असलेला पाइप उभा करावा आणि निदान एक पूर्ण अमावास्या-पौर्णिमेचे चक्र त्यातील पाण्याची नोंद ठेवावी. वाळूच्या जमिनीत हे पाणी भरतीबरोबर वरखाली होताना दिसते. तसे दिसले, तर त्या जमिनीखाली समुद्र आधीच पोहोचलेला आहे असे समजून पुढचा आराखडा करावा.

मुख किती वेळ बंद राहणार

ज्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या येतात, तिथे एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. पाण्याचा चढउतार साधारणपणे लाटेसारखा गुळगुळीत असतो असे धरून बंद राहण्याचा काळ हाताने काढता येतो. उदाहरणार्थ, उधाणाच्या दिवशी भरती सरासरी समुद्रसपाटीच्या वर १.६ मीटर आणि ओहोटी तिच्या खाली १.४ मीटर जाते असे समजा. मुखाचा तळ समुद्रसपाटीच्या वर ०.४ मीटरवर ठेवला, तर ते प्रत्येक भरतीच्या वेळी जवळजवळ ५ तास २५ मिनिटे पाण्याखाली राहते. तेच मुख केवळ ३० सेंटिमीटर वर, म्हणजे ०.७ मीटरवर घेतले, तर बंद काळ सुमारे ४ तास ३५ मिनिटांवर येतो. दर भरतीला पन्नास मिनिटे मोकळी मिळणे ही मोठी कमाई आहे, आणि ती कोणताही पंप न लावता, केवळ पातळीचा विचार केल्याने मिळते. अर्थात मुख वर घेतल्याने पाइपाला मिळणारा ढाळ कमी होतो. ही ओढाताण कागदावर दोन-तीन पर्याय मांडूनच सोडवावी लागते.

हा हिशोब शांत हवेचा झाला. वादळी हवेत वातावरणाचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला, की समुद्राची पातळी सुमारे १ सेंटिमीटरने चढते, आणि किनाऱ्याकडे रेटणारा वारा त्यात आणखी भर घालतो. वरच्या उदाहरणात वादळाने पाणी ५० सेंटिमीटर चढले, तर ०.७ मीटरवरचे मुखही सुमारे ६ तास बंद राहते. अतिवृष्टी आणि चढलेला समुद्र या दोन स्वतंत्र आपत्ती मानून ‘दोन्ही एकाच दिवशी कशाला येतील’ असा दिलासा घेणे धोक्याचे आहे, कारण एकच वादळ या दोन्ही गोष्टी सोबत घेऊन येते. आखणी वादळाच्या दिवसासाठी करावी, म्हणजे या उदाहरणात ६ तासांसाठी.

याशिवाय १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि २००६ ते २०१८ दरम्यान वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या आसपास होता. घराचा निचरा तीस-चाळीस वर्षे टिकावा अशी अपेक्षा असेल, तर मुखाच्या पातळीत पुढच्या वाढीसाठी थोडी जागा आजच सोडणे शहाणपणाचे आहे.

किती पाणी येणार

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे एवढे ध्यानात ठेवले तर बाकी गणित सोपे आहे. सर्वच पाणी वाहून येत नाही, म्हणून प्रत्येक पृष्ठभागाला एक गुणांक लावतात: छपराला सुमारे ०.९५, काँक्रीट किंवा फरशीला ०.९ आणि मातीच्या बागेला कोरड्या दिवसांत ०.२ ते ०.३. किनाऱ्यावर पावसाळ्याच्या मध्यावर जमीन आधीच भिजून गच्च झालेली असते, त्यामुळे बागेसाठीही ०.५ पेक्षा कमी गुणांक धरू नये.

समजा आवार ४०० चौरस मीटरचे आहे. त्यात छप्पर १५०, फरशी १०० आणि बाग १५० चौरस मीटर. गुणांक लावल्यावर परिणामी क्षेत्रफळ सुमारे ३०८ चौरस मीटर येते. या क्षेत्रफळाला पावसाच्या तीव्रतेने, म्हणजे तासाला पडणाऱ्या मिलिमीटरने गुणून ३६०० ने भागले, की प्रवाह लिटर प्रति सेकंदात मिळतो. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने दहा मिनिटांची सर आली, तर हा प्रवाह साडेआठ लिटर प्रति सेकंद होतो. पाइप याच अल्पकालीन जोरासाठी निवडायचा असतो. सर्वेक्षणातील ढाळ आणि पाइपाच्या खडबडीतपणावरून वेग काढण्यासाठी आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरतात. त्यानुसार १०० मिलिमीटर आतील व्यासाचा गुळगुळीत प्लास्टिक पाइप १०० ला १ (१०० मीटर लांबीत १ मीटर उतार) या ढाळावर पूर्ण भरून वाहताना जेमतेम ६ लिटर प्रति सेकंद नेतो, म्हणजे तो इथे अपुरा आहे. १५० मिलिमीटरचा पाइप २०० ला १ इतक्या सपाट ढाळावरही साडेबारा लिटरच्या आसपास नेतो आणि त्यातील वेग सेकंदाला ०.७ मीटर राहतो. हा वेग ०.६ मीटरच्या खाली गेला तर वाळू आणि गाळ पाइपात बसू लागतो, म्हणून सपाट जमिनीवर केवळ व्यास वाढवत नेणे हा उपाय नव्हे: फार मोठ्या पाइपात नेहमीचे थोडे पाणी पसरून संथ वाहते आणि पाइप गाळाने भरतो.

साठवणीचा हिशोब वेगळ्या पावसावर होतो. तिथे दहा मिनिटांची सर महत्त्वाची नसते, मुख बंद असतानाच्या सहा तासांत एकूण किती पाऊस पडेल हे महत्त्वाचे असते. हवामान खात्याकडे आपल्या जागेसाठी १० मिनिटे, १ तास, ६ तास अशा कालावधींच्या पावसाचे आकडे असतात, तेच वापरावेत. दहा वर्षांतून एकदा येणारा पाऊस म्हणजे दर वर्षी १० टक्के शक्यता असलेला पाऊस. तो यंदा येऊन गेला म्हणून पुढची नऊ वर्षे सुट्टी, असा त्याचा अर्थ नाही. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचीही तीस वर्षांच्या काळात निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते.

साठा आणि पंप यांची वाटणी

आपल्या उदाहरणात सहा तासांत ८० मिलिमीटर पाऊस धरला, तर थांबवायचे पाणी साधारण २४,६०० लिटर, म्हणजे जवळपास २५ घनमीटर होते. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. १०० चौरस मीटरची बाग आजूबाजूपेक्षा २५ सेंटिमीटर खोल ठेवली, तर तेवढे पाणी तिथे सहज मावते आणि ओहोटी लागल्यावर निघून जाते. माझ्या मते साठवणीसाठी खोलगट बाग हा सर्वांत चांगला उपाय आहे, कारण ती डोळ्यांसमोर असते, तिच्यात गाळ किती बसला हे दिसते आणि वीज गेली तरी ती आपले काम करते. तिच्या कडांना १ ला ३ (३ मीटर आडव्या अंतरात १ मीटर) पेक्षा तीव्र उतार देऊ नये आणि लहान मुले असलेल्या घरात खोली ३० सेंटिमीटरच्या आत ठेवावी.

जागा कमी असेल तर साठा आणि पंप यांची सांगड घालावी लागते. सेकंदाला २ लिटर उपसणारा पंप बसवला आणि सर्वांत जोराच्या एका तासात ८० पैकी ५० मिलिमीटर पाऊस पडला असे धरले, तर त्या तासात सुमारे १५.४ घनमीटर पाणी येते, पंप ७.२ घनमीटर उपसतो आणि उरलेले सव्वाआठ घनमीटर साठवावे लागते. बाकीच्या पाच तासांत येणारे पाणी पंपाच्या आवाक्यात असते. म्हणजे एका लहान पंपामुळे साठ्याची गरज तिसऱ्या हिश्श्यावर येते. उलट साठा मुळीच न ठेवता केवळ पंपावर भिस्त ठेवली, तर पंप साडेआठ लिटर प्रति सेकंदाचा घ्यावा लागेल, जो वर्षातील बहुतेक दिवस बंद पडून राहील आणि नेमक्या वेळी सुरू होईल याची शाश्वती राहणार नाही.

पंप निवडताना केवळ लिटरचा आकडा पाहू नये. उपसलेले पाणी भरतीच्या सर्वोच्च पातळीच्याही वर उचलून सोडायचे आहे, त्यामुळे ती उंची अधिक पाइपातील घर्षण मिळून होणाऱ्या हेडवर पंप किती पाणी देतो, हे उत्पादकाच्या आलेखावरून तपासावे. उपसा करणाऱ्या पाइपावर पंपानंतर लगेच एकमार्गी झडप हवी, नाहीतर पंप थांबताच पाइपातील पाणी खड्ड्यात परत येते आणि पंप मिनिटामिनिटाला चालू-बंद होऊन जळतो. दोन लहान पंप एका मोठ्या पंपापेक्षा चांगले: एक नेहमीचा आणि दुसरा दहा-पंधरा सेंटिमीटर वरच्या फ्लोट स्विचवर, म्हणजे पाणी चढले की तरंगून पंप सुरू करणाऱ्या स्विचवर. वादळात वीज जाणारच असे गृहीत धरून इन्व्हर्टर-बॅटरीची सोय करावी. जनित्र वापरायचे असेल तर ते घराबाहेर, खिडक्यांपासून दूर आणि पुराच्या पातळीच्या वर असावे, कारण बंद जागेतील त्याचा धूर प्राणघातक असतो. पंपाची वीजजोडणी ३० मिलिअँपियरच्या गळती-संरक्षक स्विचमधूनच घ्यावी आणि तिचा बोर्ड पुराच्या ज्ञात पातळीपेक्षा निदान अर्धा मीटर वर ठेवावा.

पृष्ठभागावरची कामे

घराच्या भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन १५ सेंटिमीटर उतरती असावी. फरशी किंवा काँक्रीट असेल तर २ टक्के उतारही चालतो. नवीन घराच्या पायाभोवती भरलेली माती पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत खाली बसते आणि उतार उलटा होऊन पाणी भिंतीकडे वळते, म्हणून ही जागा दरवर्षी तपासावी. छपराच्या पन्हळीतून उतरणारे पाणी भिंतीच्या पायथ्याशी सोडू नये. ते बंद पाइपातून किंवा फरसबंद नालीतून थेट साठवणीच्या जागेपर्यंत न्यावे.

उताराच्या दिशेने जाणारा उथळ, रुंद, गवताळ चर हा बंदिस्त गटारापेक्षा अनेक बाबतींत सरस आहे. तो पाणी वाहूनही नेतो आणि थोडे थोपवूनही धरतो, गवतात गाळ अडकतो आणि तुंबला तर लगेच दिसतो. चराच्या बाजू १ ला ३ आणि लांबीचा ढाळ १ ते २ टक्के ठेवावा, त्याहून सपाट झाला तर तळाशी डबकी होतात. खारे पाणी येणाऱ्या जागी साधी हिरवळ तग धरत नाही. तिथे खाऱ्या किनाऱ्यांवर नैसर्गिकरीत्या वाढणारे पास्पालम जातीचे गवत लावावे, आणि कडा धरून ठेवण्यासाठी मध्यम क्षारता सोसणारा वाळा उपयोगी पडतो.

आखणी कितीही काळजीने केली तरी तिच्यापेक्षा मोठा पाऊस एक दिवस येतोच. त्या दिवसासाठी सांडव्याची जागा आपण ठरवावी, पाण्यावर सोडू नये. साठवणीच्या कडेला एका ठिकाणी, जोत्यापेक्षा निदान ३० सेंटिमीटर खाली, दगडाने बांधलेला रुंद खाचा ठेवावा, म्हणजे जादा पाणी घराकडे न फिरता रस्त्याकडील गटारात किंवा नैसर्गिक ओहोळात जाईल.

जमिनीखालचे पाणी

शोषखड्डा हा उंच जमिनीवरचा उत्तम उपाय किनाऱ्यावर बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो. पावसाळ्यातील भूजल खड्ड्याच्या तळापासून निदान १ मीटर खाली असेल तरच तो काम करतो. भूजल त्याहून वर असेल, तर आपण खोदलेला खड्डा पावसाआधीच भरलेला असतो. हीच गोष्ट जमिनीखालच्या साठवण टाकीला लागू आहे, आणि तिथे आणखी एक धोका आहे. १० घनमीटरची रिकामी टाकी पूर्ण भूजलात बुडाली, तर पाणी तिला सुमारे १० टन बळाने वर ढकलते. टाकीचे स्वतःचे वजन आणि वरील मातीचे वजन मिळून या बळापेक्षा निदान १० ते २० टक्के जास्त भरले पाहिजे, नाहीतर टाकी जमीन फाडून वर येते आणि तिला जोडलेले पाइप तुटतात.

जमिनीतली ओल भिंतीपासून दूर ठेवण्यासाठी खडीने भरलेला चर, ज्याला सर्वत्र फ्रेंच ड्रेन म्हणतात, उपयोगी आहे. (हे नाव फ्रान्स देशावरून आलेले नाही. एकोणिसाव्या शतकातील हेन्री फ्रेंच या अमेरिकन गृहस्थांवरून ते पडले.) साधारण ३० सेंटिमीटर रुंद आणि ४५ ते ६० सेंटिमीटर खोल चर खणून त्यात जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे) अंथरावे, ५ सेंटिमीटर धुतलेली २० मिलिमीटरची खडी टाकावी, तिच्यावर छिद्रांचा पाइप २०० ला १ पेक्षा कमी नसलेल्या ढाळाने ठेवावा आणि खडी भरून कापड वरून दुमडावे. पाइपाची छिद्रे खाली ठेवायची असतात. पाणी चरात तळापासून चढते, त्यामुळे खालची छिद्रे त्याला आधी वाट देतात. खडी न धुता टाकणे ही इथली सर्वांत सामान्य चूक आहे, कारण तिच्यावरची भुकटी पहिल्याच पावसात कापडाची छिद्रे आतून बुजवते. पायाच्या तळापेक्षा खोल चर पायाला लागून खणू नये. पायाखालची माती सुटून भिंतीला तडे जातात.

इथे एक मर्यादा पाळायला हवी. किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची घनता १.०० आणि समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ असल्यामुळे समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असलेले गोडे पाणी खाली सुमारे ४० मीटरपर्यंतचा गोडा थर तोलून धरते. गायबेन आणि हर्ट्झबर्ग या दोन अभ्यासकांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. याचा उलटा अर्थ असा, की निचऱ्यासाठी भूजल कायमचे १० सेंटिमीटरने खाली ओढले, तर कालांतराने खारे पाणी तळातून ४ मीटर वर सरकू शकते. विहीर असलेल्या वस्तीत भूजल सतत उपसणारा पंप बसवणे म्हणजे सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यावर घाला घालण्यासारखे आहे. पंप पावसाच्या साचलेल्या पाण्यासाठी असावा, जमिनीतले पाणी वर्षभर उपसण्यासाठी नव्हे.

मुखावरची झडप

बाहेरचे पाणी पाइपातून उलटे आत येऊ नये म्हणून मुखावर एकमार्गी झडप बसवतात. खारजमिनीच्या बांधांमधील उघाडी याच तत्त्वावर चालते: आतील पाणी उंच असले की फळी बाहेर ढकलली जाते, भरती चढली की तिच्याच दाबाने ती मिटते. घरगुती पाइपासाठी बिजागरीची पाळ किंवा बदकाच्या चोचीच्या आकाराची रबरी झडप मिळते. बिजागरीची झडप थोड्या दाबानेही उघडते, पण तिच्यात एक काटकी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली तर ती उघडीच राहते आणि भरती थेट बागेत येते. रबरी झडपेत कचरा कमी अडकतो, तिला गंजणारा भाग नसतो, मात्र उघडायला थोडा जास्त दाब लागतो. खाऱ्या पाण्यात मला रबरी झडप अधिक विश्वासाची वाटते. कोणतीही झडप घेतली तरी तिच्यावर शिंपल्यासारखे बार्नॅकल वाढतात आणि ती पूर्ण मिटेनाशी होते, म्हणून ती हाताने पोहोचता येईल अशा चेंबरमध्ये बसवावी, भिंतीच्या पलीकडे लाटांमध्ये नव्हे. चेंबरमध्ये हाताने बंद करायची दुसरी पाटी असेल तर वादळाची सूचना मिळताच ती खाली सोडता येते.

सांडपाण्याची वाहिनी हा पुराचे पाणी घरात शिरण्याचा आणखी एक, पुष्कळदा विसरलेला मार्ग आहे. दाराला फळ्या लावून पाणी अडवले, तरी बाहेरचे गटार भरले की ते शौचालयाच्या भांड्यातून आणि न्हाणीच्या जाळीतून वर येते. या वाहिनीवरही उलट प्रवाह रोखणारी झडप हवी, आणि ती तळमजल्यावरील सर्व जोडण्यांच्या पुढे, बाहेरच्या बाजूला असावी. झडप मिटलेली असताना वरच्या मजल्यावर पाणी वापरले तर ते तळमजल्यावरच बाहेर येईल, हे घरातील सर्वांना ठाऊक असावे. पावसाचे पाणी सेप्टिक टाकीत कधीही सोडू नये. पूर आला असताना आणि जमीन गच्च भिजलेली असताना ही टाकी उपसून रिकामीही करू नये, कारण रिकामी झालेली टाकी वर तरंगते.

तळघर किंवा बंदिस्त तळमजला असेल, तर पाणी अडवण्याचा हट्ट एका मर्यादेपलीकडे करू नये. भिंतीबाहेर १ मीटर पाणी उभे राहिले आणि आत कोरडे असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन आडवा रेटा येतो. पाणी २ मीटर झाले तर तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. साधी विटांची भिंत एवढा रेटा पेलत नाही. राहत्या खोल्या नसलेल्या तळमजल्याला समोरासमोरच्या भिंतींत जमिनीलगत मोकळी भोके ठेवून पाणी आतबाहेर जाऊ देणे त्यापेक्षा सुरक्षित. पूर ओसरल्यावर तळघर एकदम उपसू नये. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते, म्हणून दिवसाला साधारण एक तृतीयांश पाणी काढावे आणि बाहेरील पातळी आणखी उतरल्याची खात्री करून पुढे जावे.

साहित्य आणि शेजार

पाइप आणि चेंबर शक्यतो पीव्हीसी किंवा एचडीपीई या प्लास्टिकचे असावेत. लोखंडी जाळ्या, जस्ताचा मुलामा दिलेले नट-बोल्ट आणि साध्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या खाऱ्या हवेत लवकर जातात. झडपेचे बोल्ट आणि पंपाची साखळी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्यावी, कारण तिच्यातील मॉलिब्डेनम क्षारांमुळे होणारी गंज बऱ्याच अंशी रोखतो. एचडीपीई पाण्यापेक्षा हलके असल्याने रिकामा पाइप भिजलेल्या चरात वर उचलला जातो. तो मातीने पूर्ण झाकेपर्यंत चरात पाणी साचू देऊ नये.

भराव टाकून आपले आवार उंच करणे हा पहिल्यांदा सुचणारा आणि सर्वांत अन्यायकारक उपाय आहे. त्याने पाणी कमी होत नाही, ते शेजारच्या घरात जाते. जोते उंच करावे, घर खांबांवर उभारावे, पण आवारातून जाणारी पाण्याची जुनी वाट आणि साचण्याची जागा बुजवू नये. खाडीकाठची खारफुटी आणि समुद्राकडील वाळूच्या टेकड्या लाटांचा जोर मोडतात. मुख बाहेर नेण्यासाठी त्या कापू नयेत, पाइपाला वळसा द्यावा. अनेक घरांनी मिळून एकच मोठा साठा, एकच मुख आणि एकच पंपघर केले, तर ते प्रत्येकाच्या स्वतंत्र व्यवस्थेपेक्षा स्वस्त पडते आणि त्याची देखभालही नीट होते. मात्र झडप कोण बंद करणार आणि पंपाचे इंधन कोण भरणार, हे पावसाळ्याआधी लेखी ठरलेले असावे. नाल्यात किंवा समुद्रात मुख उघडण्यासाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते. ती आखणीच्या टप्प्यावरच घ्यावी.

चाचणी आणि देखभाल

पाइपावर दर १५ ते २० मीटरवर आणि प्रत्येक वळणावर चेंबर ठेवावे, आणि प्रत्येक चेंबरचा तळ पाइपाच्या तळापेक्षा ३० सेंटिमीटर खोल घ्यावा, म्हणजे वाळू तिथे बसेल आणि फावड्याने काढता येईल. पावसाळ्याआधी, मध्यावर आणि नंतर अशा तीन वेळा चेंबर रिकामे करावेत. वाऱ्याने वाळू वाहून आणणाऱ्या महिन्यांत मुखासमोरची वाळूची रास वेगळी पाहावी लागते.

सर्वांत उपयोगी चाचणी पहिल्या पावसाच्या आधी, उधाणाच्या दिवशी करावी. ते अमावास्या-पौर्णिमेनंतर साधारण एक-दोन दिवसांनी येते. भरती पूर्ण चढलेली असताना मुखाजवळचे चेंबर उघडून आत खारे पाणी येते आहे का, हे पाहावे. थोडे जरी येत असेल तरी झडप काढून घासून पुन्हा बसवावी. त्याच वेळी पंपाच्या खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतून दोन्ही फ्लोट स्विच आळीपाळीने उचलले जातात का ते पाहावे, मुख्य वीज बंद करून बॅटरीवर पंप चालू होतो का आणि किती वेळ चालतो याची नोंद करावी. मग ओहोटी लागल्यावर घड्याळ घेऊन बसावे आणि झडप कोणत्या मिनिटाला उघडते ते लिहून ठेवावे. आपण कागदावर काढलेल्या वेळेपेक्षा ती अर्ध्या तासाहून उशिरा उघडत असेल, तर पातळीच्या मोजणीत चूक आहे किंवा मुखासमोर वाळू साचली आहे, आणि दोन्हींपैकी काय खरे हे शोधायला अजून वेळ हाताशी असतो.